फोटोत गाडीशेजारी कोण उभं आहे?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत येणारा जुन्या मुंबईचा फोटो आमच्या घरी सगळ्यात आधी बघितला जातो, अग्रलेखाची पाळी नंतर येते. रागावू नये. पण त्या फोटोखालच्या ओळीबद्दल थोडं बोलायचं आहे.

मध्यंतरी एका फोटोखाली नुसतं ‘मुंबई, १९५०’ असं छापून आलं. फोटोतल्या बसच्या टपावरून दोन लांब दांडे निघून वरच्या तारांना टेकलेले दिसत होते. म्हणजे ती ट्रॉलीबस, वरच्या तारांतल्या विजेवर चालणारी. मुंबईत ट्रॉलीबस सुरू झाली १९६२ मध्ये आणि १९७१ मध्ये बंद पडली. बाजूला ‘डुक्कर फियाट’ म्हणत ती मोटारही उभी होती, पुढची दारं उलटी उघडणारी. तीही १९५४ च्या आधी इथे नव्हती. बारा वर्षांची चूक म्हणजे किरकोळ नव्हे. तेवढ्यात मुंबई राज्याचं महाराष्ट्र राज्य झालं होतं. साल शोधायला फोटोतच खुणा असतात. ट्रामगाडी धावताना दिसली तर फोटो ३१ मार्च १९६४ च्या अलीकडचा नाही. गाडीच्या पाटीवर ‘एमएच’ दिसलं तर १९८९ च्या आधीचा नाही. एवढं कुणीही पाहू शकतो.

पण सालाची चूक तरी कुणीतरी सुधारतं. माझी खरी तक्रार वेगळी आहे. एका फोटोतली गाडी डॉज की प्लिमथ यावर आपल्या वाचकांनी तीन आठवडे वाद घातला. वालचंद हिराचंद यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात या दोन्ही गाड्या १९४७ पासून जुळवल्या जात. दोघींचा तोंडवळा इतका सारखा, की समोरची जाळी आणि नावाची पट्टी पाहिल्याशिवाय ओळख पटू नये. वाद रंगला, मीही मजेनं वाचला. मात्र त्याच फोटोत गाडीच्या डाव्या चाकाशी बादली आणि फडकं घेऊन एक माणूस उभा होता, मागे नळावर बायकांची रांग होती. त्यांच्याबद्दल एकाही पत्रात एक अक्षर नव्हतं.

आमच्या घरच्या अल्बमात असाच एक फोटो आहे. गिरगावातल्या चाळीसमोर डॉज उभी आहे. आजोबा कोट-टोपी घालून बॉनेटवर एक हात ठेवून उभे आहेत, आजी नऊवारीत, पदर दोन्ही खांद्यांवरून, नजर कॅमेऱ्याकडे नाही. गाडी आमची नव्हती. आजोबांचा पगार आणि डॉज या दोन गोष्टी एका वाक्यात बसत नाहीत. ती होती चाळीच्या मालकांची आणि फोटोपुरती मागून घेतली होती. (परवडेल तो गाडीशेजारी उभा राही, बाकीचे जत्रेतल्या फोटोवाल्याच्या रंगवलेल्या पुठ्ठ्याच्या मोटारीत बसत. ते फोटो मला जास्त प्रामाणिक वाटतात.) आजोबांच्या मागे टोपी सारखी करून, ताठ, लष्करी थाटात उभा आहे तो ड्रायव्हर. रुबाब सगळ्यात जास्त त्याचाच. त्याचं नाव आज घरात कुणाला ठाऊक नाही. आत्या होती तोवर तिला ठाऊक होतं, पण विचारायचं कुणाला सुचलं नाही.

‘ते दिवस गेले’ असले मथळे देऊ नयेत ही दुसरी विनंती. तेव्हा फियाट नोंदवली की नंबर लागेपर्यंत वर्षं जात, स्कूटरची तीच गत. रॉकेलला रांग, रेशनला रांग. रस्ता मोकळा दिसतो तो त्यामुळेच. शहर शहाणं होतं म्हणून नव्हे. जुन्या गाडीचा दरवाजा बंद होताना होणारा तो जड, भरीव आवाज मलाही आवडतो, स्टिअरिंगलगतचा गिअर टाकायची ऐटही आवडते. तरी त्या काळात परत जायला सांगितलं तर मी जाणार नाही आणि माझी बायको तर नाहीच नाही. पाणी पहाटे चारला यायचं.

गाडी बघायची आणि माणूस विसरायचा, हे आपण आजही करतो आहोत. सप्टेंबर २०२३ मध्ये डिझेलवरची शेवटची डबलडेकर हार-फुलं लावून निघाली, दीड महिन्यात काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही इतिहासजमा झाली. लोकांनी मोबाइलमध्ये हजारो फोटो काढले. कंडक्टर कोण होता, किती जणांनी लिहून ठेवलं असेल? वर आता जुन्या फोटोंत यंत्राकडून रंग भरून घ्यायची हौस आली आहे. आजीचं लुगडं कुठल्या रंगाचं होतं हे यंत्राला कुणी सांगितलं?

तेव्हा सुचवतो ते असं. वाचकांकडून फोटो मागवताना नुसती ‘आठवण’ मागू नका; जागा, अंदाजे साल, काढणारा कोण आणि फोटोतल्या प्रत्येकाचं नाव मागा. नाव ठाऊक नसेल तर तसं छापा, कदाचित ओळखणारा वाचक निघेल. रंग भरलेला फोटो असेल तर तेही खाली लिहा. घरोघरच्या मंडळींनी फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहावं. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो, शाई झिरपते ती वेगळी. काळ्या कागदाचे, कोपरे चिकटवलेले जुने अल्बम फेकू नयेत. त्यानंतर आलेल्या चिकट पानांच्या अल्बमांनी फोटोंचं जेवढं नुकसान केलं तेवढं वाळवीनेही केलं नसेल. आणि हे काम घरातल्या म्हाताऱ्या माणसांना शेजारी बसवून या दिवाळीतच उरकावं.

फक्त एक. मूळ फोटो पोस्टाने मागवू नका, मोबाइलवर काढलेली प्रत चालवून घ्या. मूळ कुणी देणार नाही. मी तर नाहीच.

आपला,
एक वाचक, डोंबिवली