पिटबुल आणि रॉटवायलरसाठी घरं हवी आहेत : नागपूरकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

गावठी पिल्लू दत्तक द्यायचं असलं की नागपुरात घरं मिळतात. लॅब्रॉडॉर असेल तर रांगच लागते. पण पिटबुल, रॉटवायलर, डॉबरमन किंवा अमेरिकन बुलीचा फोटो टाकला की आमचे फोन वाजायचे थांबतात. जे थोडे येतात त्यांतले बरेचसे विचारतात, "भाऊ, चावते का हा? मले ले-आउटवर प्लॉट राखाले पाहिजे." अशा माणसांना आम्ही कुत्रा देत नाही. मग ही कुत्री आमच्या शेडमध्ये महिनोन्‌महिने राहतात, आणि शेड भरली की पुढच्या कुत्र्यासाठी आलेल्या फोनवर आम्हाला नकार द्यावा लागतो. आम्हाला पैसे, जागा आणि माणसं हवी आहेत. पण त्याआधी या कुत्र्यांविषयी तुमच्या मनात जी भीती आहे तिच्याबद्दल थोडं मोकळेपणाने बोलू द्या.

ही कुत्री आमच्यापर्यंत कशी पोचतात ते आधी सांगतो. पिल्लू बहुतेक वेळा नोंदणी नसलेल्या माणसाकडून घेतलेलं असतं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये, असं २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांत स्पष्ट आहे, तरी महिनाभराची पिल्लं सर्रास विकली जातात. तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहतं, हुंगतं, ऐकतं, ते त्याला आयुष्यभर ओळखीचं वाटतं. मुलांचा गोंधळ, फटफटीचा आवाज, डबेवाली मावशी, दुसरी कुत्री, सगळं. नेमके तेच दिवस हे पिल्लू बंद खोलीत काढतं. "कोणाशी लळा लागू देऊ नका, नाहीतर राखण करणार नाही," असा सल्ला विकणाराच देतो. सात-आठ महिन्यांनी अंगाने भरलेला, माणसांची सवय नसलेला, भेदरलेला कुत्रा पहिल्यांदा गुरगुरतो आणि त्या दिवसापासून त्याची रवानगी गच्चीवर होते. साखळी दोन-तीन हातांची. नागपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर असताना, काळ्या कातडीचा रॉटवायलर सिमेंटच्या गच्चीवर पाण्याच्या उलटलेल्या भांड्याशेजारी बांधलेला आम्ही एकदा नाही, अनेकदा पाहिला आहे. घर बदललं, बदली झाली, बाळ झालं, की तो हिंगणा रोडला नाहीतर उमरेड रोडला कुठेतरी सोडून दिला जातो.

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये हे सगळं गुन्हा म्हणून लिहिलेलं आहे. आखूड किंवा जड साखळीने तासन्‌तास बांधून ठेवणं, कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं, प्राण्याला वाऱ्यावर सोडणं, कुत्र्यांच्या झुंजी लावणं. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र दहा ते पन्नास रुपये. एवढ्या दंडाने कोणी सुधारत नाही, म्हणून कुत्रा बिघडल्यावर दोष त्याच्या जातीवर जातो आणि मालक नामानिराळा राहतो.

आता जे खरं आहे तेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही आमच्यावर विश्वास का ठेवावा? ही ताकदवान कुत्री आहेत. पॉमेरेनियन चावला तर टाके पडतील, रॉटवायलर चावला तर जीव जाऊ शकतो. जुलै २०२२ मध्ये लखनौत घरच्याच पिटबुलने ८२ वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेचा जीव घेतला. त्या घरावर काय गुदरलं असेल याची कल्पनाही करवत नाही, आणि अशा बातमीनंतर एखादी आई आपल्या लेकराला जवळ ओढते तेव्हा तिला हसणारे आम्ही नाही. पिटबुलांपैकी अनेकांचं दुसऱ्या कुत्र्यांशी पटत नाही, हेही आम्ही दत्तक घेणाऱ्याला पहिल्याच भेटीत सांगतो. कुत्रा जितका दांडगा तितकी मालकाची जबाबदारी मोठी, एवढं आम्हाला पूर्ण मान्य आहे. जन्मतःच खुनी असल्याचा शिक्का मात्र मान्य नाही.

तो शिक्का सरकारी कागदावरही उमटला. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवून २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितलं, आणि ज्यांच्या घरी ही कुत्री आहेत त्यांनी त्यांची नसबंदी करावी असंही कळवलं. त्या यादीत सगळे मॅस्टिफ आणि सगळे टेरियर सरसकट होते. टोसा नावाचा जपानी कुत्रा दोनदा होता. कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी, संबंधितांचं म्हणणं न ऐकता काढलं म्हणून, ते पत्रक रद्द केलं. पण रद्द झाल्याची बातमी किती जणांनी वाचली? "सरकारने बंदी घातली नं? मग घेऊन जा याले," असे फोन आम्हाला त्यानंतरही येत राहिले. घरात नीट वाढलेली, नातवंडांच्या पायाशी झोपणारी कुत्रीसुद्धा त्या काळात आमच्या दारात आली.

जातीवरून स्वभाव ओळखता येतो का, हे तपासणारं मोठं संशोधन २०२२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालं. १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारले गेले, दोन हजारांहून जास्त कुत्र्यांची जनुकं तपासली गेली. कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो त्यातला साधारण नऊ टक्केच जातीमुळे असतो, असं त्यात निघालं. कुत्रा किती चटकन चिडतो याचा अंदाज तर जातीवरून जवळजवळ बांधताच आला नाही. नेदरलँड्सने १९९३ मध्ये पिटबुलवर बंदी घातली होती. चावण्याच्या घटना काही कमी झाल्या नाहीत, म्हणून २००८ मध्ये ती उठवायचं ठरलं.

अमेरिकेतल्या व्हर्जिनियात २००७ साली अमेरिकन फुटबॉलच्या एका नामांकित खेळाडूच्या जागेतून झुंजीसाठी पाळलेले पन्नासच्या आसपास पिटबुल सोडवले गेले. ही कुत्री सुधारणार नाहीत, मारून टाका, असा सल्ला तेव्हा नावाजलेल्या प्राणिसंस्थांनीही दिला होता. न्यायालयाने एकेका कुत्र्याची वेगळी तपासणी करायला लावली. फार आक्रमक म्हणून त्यांतल्या एकाच कुत्र्याला मारावं लागलं. बाकीच्यांतली कितीतरी साध्या घरांत रुळली, काही तर आजारी माणसांना धीर द्यायला जाऊ लागली. ज्यांना माणसांनी फक्त रक्त पाहायला शिकवलं होतं त्यांची ही गत, तर आपल्या मानेवाड्याच्या नाहीतर झिंगाबाई टाकळीच्या गच्चीवर नुसता बांधून ठेवलेला कुत्रा का नाही सुधारणार?

आणि एक. पिटबुलचा जबडा बंद झाला की "लॉक" होतो ही निव्वळ ऐकीव गोष्ट आहे, त्याच्या जबड्याची हाडं इतर कुत्र्यांसारखीच असतात. रॉटवायलर हा जर्मनीतल्या रॉटवाइल गावच्या खाटकांची गुरं हाकणारा कुत्रा. इंग्लंडमध्ये बैलांवर कुत्री सोडण्याच्या खेळाला १८३५ मध्ये बंदी आली, तेव्हा शौकिनांनी कुत्र्यांच्याच झुंजी लावायला सुरुवात केली आणि त्यातून पिटबुलची पैदास झाली. म्हणजे त्याला झुंजीला जुंपणारा पहिल्यापासून माणूसच आहे.

आमच्याकडे कुत्रा आला की आधी त्याला वेगळं ठेवतो. रेबीजची आणि इतर लसीकरणं, रक्ताची तपासणी, जंताचं औषध, मग नसबंदी. पहिले काही आठवडे त्याला कोणी हात लावत नाही, एकच माणूस रोज त्याच वेळी जेवण देतो आणि शेजारी बसून राहतो. पुढे जाळीचं मुसकं घालून फिरवणं, तेही पहाटे, रस्ते रिकामे असताना. मारून शिकवणं आमच्याकडे बंद आहे, कारण मार खाऊन गप्प बसलेला कुत्रा गुरगुरायचं सोडतो आणि इशारा न देता चावायला शिकतो. ज्याच्याबद्दल आम्हालाच खात्री वाटत नाही, तो कुत्रा आम्ही कोणाच्याही घरी देत नाही. तो आमच्याकडेच राहतो.

या सगळ्याला खर्च येतो. मोठ्या कुत्र्याचं जेवण, औषधं आणि राखणदाराचा पगार धरून एका कुत्र्यामागे महिन्याला सात-आठ हजार रुपये लागतात. ज्यांना जमेल त्यांनी एका कुत्र्याचा महिन्याचा खर्च उचलावा, दोघा-चौघांनी मिळून उचलला तरी चालेल. शंभर रुपयेही आम्ही आनंदाने घेऊ. पैसे संस्थेच्या खात्यातच भरा आणि पावती मागून घ्या. कोणी आमच्या नावाने रोख मागितली तर देऊ नका.

पण सध्या सगळ्यात निकडीचा आहे तो उन्हाळा. शेडवर पत्रे आहेत आणि एप्रिल लागला की आत उभं राहवत नाही. जुने चालू स्थितीतले कुलर, वाळ्याच्या ताट्या, हिरवी जाळी, तरट, पाण्याच्या सिमेंटच्या टाक्या, जुन्या बाजा, जे घरात पडून असेल ते द्या. वेल्डिंगचं काम करणारा एखादा दादा चार रविवार देऊ शकला तर आमचे खिळखिळे दरवाजे नीट होतील. रॉटवायलरसारख्या कुत्र्याच्या बाबतीत कडी पक्की असणं ही शेजाऱ्यांची आणि आमची, दोघांचीही गरज आहे. शहराच्या कडेला, बेसा, हुडकेश्वर, वाडी, कोराडी रोड कुठेही, उंच भिंतीचं कुंपण असलेली मोकळी जागा दोन वर्षांसाठी कोणी वापरायला दिली तर आणखी काही कुत्री घेता येतील. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या मुला-मुलींना आमचा खास आग्रह आहे. या कुत्र्यांना हाताळायचा सराव पुढे तुमच्या दवाखान्यात रोज उपयोगी पडेल.

तात्पुरती घरं हवीत ती सर्वांत जास्त. दोन-तीन महिने एक कुत्रा घरी सांभाळायचा, खाणं आणि औषधपाणी आमच्याकडून. घरात दहा वर्षांखालची मुलं असतील किंवा आधीच दुसरा कुत्रा असेल तर आधी सांगा, त्याप्रमाणे कुत्रा निवडू, कदाचित नाहीही म्हणू. त्याचा राग मानू नका. भाड्याचं घर असेल तर घरमालकाची संमती आधी घ्या. सोसायटीत पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, पण शेजाऱ्यांशी भांडून आणलेला कुत्रा सुखाने राहत नाही. तुमच्या सोसायटीत येऊन तासभर बोलायला आणि लोकांच्या शंका ऐकायला आम्ही तयार आहोत, त्यासाठी फक्त एक रविवार आणि थोड्या खुर्च्या लागतील.

ज्यांच्या घरी अशी कुत्री आधीच आहेत त्या दादा-ताईंना एवढीच विनंती : मनपाकडे नोंद करा, नसबंदी करा, रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्या, दिवसातून दोनदा फिरवा आणि बाहेर नेताना पट्टा मोठ्या माणसाच्याच हातात असू द्या. मुसक्याची सवय लावली तर फुटाळ्यावर सकाळी फिरणाऱ्या काकू-काकांनाही भीती वाटणार नाही. हयगयीमुळे कुत्रा कोणाला चावला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कुत्रा कुठलाही असो, चावला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी मेडिकल किंवा मेयो रुग्णालयात, नाहीतर जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. हळद, मिरची, चुना काही लावू नका. आणि कुत्रा सांभाळणं झेपत नसेल तर उमरेड रोडला सोडण्याआधी आम्हाला सांगा. जागा नसली तरी घर शोधायला मदत करू, आणि तुम्हाला कोणी बोल लावणार नाही.

शेडवर भेटायला दर रविवारी सकाळी आठ ते दहा या. लहान मुलांना पहिल्या भेटीत आणू नका, भडक अत्तर लावू नका, आणि कुत्र्याच्या डोळ्यांत रोखून न बघता कडेला बसा. कुलर आणि जाळी होळीच्या आत मिळाली तर पत्र्याखालचं काम उन्हाच्या आधी पूर्ण होईल.

आपले,
संस्थेचे कार्यकर्ते, नागपूर