दाखल्यांचा हंगाम

वाई,
८ जून

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

'काम मिळालं का?' असं तू विचारलंस आणि मी 'मिळालं' एवढंच कळवून गप्प बसलो. त्यावर तुझ्याकडून जी नुसती टिंबं आली, त्यातून राग पोचला. आज रविवार, मी काम करतो ते दाखल्यांचं केंद्र बंद आहे, आईसुद्धा पसरणीला गेलीय. तेव्हा आता सगळं लिहितो. तुलाही पुण्यात सुट्टीपुरतं काहीतरी बघायचंय, म्हणून जरा लांबलं तरी वाच.

परीक्षा संपल्यावर पहिले काही दिवस मी मोबाईलवरच नोकरी शोधत होतो. 'घरबसल्या डाटा एंट्री, रोज हजार रुपये' असल्या जाहिराती तुलाही येत असतील. एकाशी बोलणं बरंच पुढं गेलं, मग तो म्हणाला आधी नोंदणीचे पाचशे पाठव. काम करणारे आपण आणि पैसे पण आपणच द्यायचे? तिथंच फोन ठेवला आणि उन्हातान्हात पायी फिरायला लागलो. एका टॅक्सवाल्यांच्या ऑफिसात गेलो. ते नीट बोलले. रिटर्नची गर्दी असते, माणूस लागतोही, पण तुला शिकवेपर्यंत तुझं कॉलेज सुरू होईल, म्हणाले. खरंच होतं ते. हार्डवेअरच्या दुकानात वर्षभराचा माणूस हवा होता. दोन झेरॉक्सवाल्यांचे भाचे आधीच सुट्टीला येऊन कामाला लागले होते.

तेव्हा डोक्यात उजेड पडला की 'नोकरी आहे का' विचारत हिंडण्यापेक्षा मे-जूनमध्ये गर्दी कोणाकडे होते ते आधी बघावं. सुट्टीपुरता माणूस त्यालाच लागणार. आणि आपल्या गावात मे-जूनची गर्दी कुठं असते हे आपल्यापैकी कोणाला माहीत नाही? दहावी-बारावीचे निकाल लागले की अख्खा तालुका दाखल्यांसाठी तहसील कचेरीच्या रस्त्यावर येतो. त्या रस्त्यावरच्या एका आपले सरकार सेवा केंद्रात मी सरळ जाऊन उभा राहिलो. नाव काहीही असो, लोक त्याला अजून 'सेतू'च म्हणतात. केंद्र चालवणाऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीही म्हणतो.

अण्णांनी विचारलं, "मराठी टायपिंग येतं?" मी म्हटलं, मोबाईलवर येतं. ते हसले. "टायपिंगला ताई आहे. तुझं अक्षर कसंय? आणि म्हाताऱ्या माणसाशी न चिडता बोलता येतं का?" अक्षर बघायला त्यांनी माझ्याकडून एक कोरं स्वयंघोषणापत्र भरून घेतलं. दुसऱ्या प्रश्नाला मी हो म्हटलं, पण खरं उत्तर मलाही तेव्हा माहीत नव्हतं. महिना सहा हजार, चहा अण्णांचा, डबा आपला, कॉलेज सुरू होईपर्यंत. मुलाखत एवढीच. बायोडेटाचा कागद घडी घालून खिशातच राहिला.

आता काम. सकाळी शटर उघडायचं, झाडून काढायचं, स्कॅनरची काच पुसायची, प्रिंटरला कागद भरायचे. आपण उघडायच्या आधीच पायरीवर माणसं बसलेली असतात. जोर-बलकवडी अशा लांबच्या गावांची मंडळी पहिल्या एसटीनं येतात. त्यांना चिठ्ठीवर नंबर लिहून द्यायचा आणि आत घ्यायच्या आधी बाहेरच कागद तपासायचे. हे बाहेरचं टेबल माझं. रेशनकार्ड, आधार, तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल, शाळा सोडल्याचा दाखला, फोटो. काय आहे ते क्रमानं लावून टाचणी मारायची, काय नाही ते सांगायचं. मग आत ताई अर्ज भरते, मी स्कॅन करतो. फाईल ठरलेल्या मापात बसवायची, कारण पोर्टल जरा मोठी फाईल घेत नाही आणि फार लहान केली तर अक्षर दिसत नाही. दुपारी सर्व्हर बसतो. तो बसला की त्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे मागतात, जणू मीच बंद करून आलोय.

अण्णांचा एकच नियम आहे. माणूस कमी कागदांमुळं दुसऱ्यांदा आला तर दोष त्याचा नाही, आपला. आपण पहिल्यांदा नीट सांगितलं नाही. सुरुवातीला मला हे जरा अतीच वाटायचं, म्हणजे काय, लोक ऐकत नाहीत त्याला मी काय करू! पण जोरहून आलेल्या माणसाचा परत फेरा म्हणजे त्याची एक दिवसाची मजुरी गेली. आता मी तोंडी सांगतच नाही. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून देतो आणि घरातल्या शिकणाऱ्या पोराला दाखवा म्हणतो. अक्षर का तपासलं ते तेव्हा कळलं.

भांडणं कशावर होतात सांगू? ३१ मार्चवर. उत्पन्नाचा दाखला त्या आर्थिक वर्षापुरता चालतो. एखाद्यानं फेब्रुवारीत काढला असेल, तो जूनमध्ये कोराकरकरीत प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढतो आणि मी म्हणतो, चालत नाही. "आरं, घडी पण मोडली नाय अजून!" त्याचं बरोबर, नियमाचंही बरोबर, आणि शिव्या मात्र मला. नॉन-क्रिमीलेयरचंही तसंच, म्हणजे आरक्षणासाठी घरचं उत्पन्न मर्यादेत आहे असं सांगणाऱ्या दाखल्याचं. त्याची मुदतही ३१ मार्चलाच संपते. तीन वर्षांचं उत्पन्न दाखवून काढला तर तीन वर्षं चालतो, हे कितीतरी जणांना ठाऊकच नसतं. एका वर्षाचं दाखवतात आणि दर जूनला रांगेत. हे सांगायला मला कोणी सांगितलेलं नाही. पण मी सांगतो. पुढच्या जूनची रांग तेवढी कमी. अण्णांच्या धंद्याच्या विरुद्ध आहे म्हणा, पण ते काही बोलले नाहीत.

दुसरी गंमत सहीची. आता दाखल्यावर डिजिटल सही असते, पेनाची सही नाही, गोल शिक्का नाही. लोक तो उलटसुलट करून बघतात. "साहेबाची सही कुठाय?" मी बोट ठेवून दाखवतो. तरी एक आजोबा तो घेऊन पुन्हा कचेरीत गेलेच, शिक्का मारून मागायला.

पण खरं काम जातीच्या दाखल्याचं. ते मला माहीत नव्हतं रे, आणि तुलाही नसेल, कारण आपले दाखले आपल्या वडिलांनी काढले, आपण फक्त फोटो दिले. त्यात आजच्या कागदांना किंमत कमी. पुरावा जुना लागतो. इतर मागास वर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० आणि जमातींना ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा. त्या तारखेच्या आधी तुमच्या घराण्यातलं कोणीतरी शाळेत गेलेलं पाहिजे, किंवा जन्म-मृत्यूच्या नोंदीत सापडलं पाहिजे. म्हणजे ज्याच्या घरात शिक्षण उशिरा पोचलं, त्यालाच पुरावा जड. मी अण्णांना हे म्हटलं तर ते म्हणाले, "टेबलावर बस, तुला अजून बरंच दिसेल."

आणि दिसलंच. मे महिन्यात एक गृहस्थ आले, मुलगी बारावी झालेली, नर्सिंगला घालायचीय. वडील शाळेत गेले नाहीत, चुलते गेले नाहीत. गावच्या जुन्या नोंदींत आजोबांचं नाव सापडेना. तीन-चार खेपा झाल्या असतील त्यांच्या, कचेरीत आणि आमच्याकडे मिळून. अण्णांनी बोलता बोलता विचारलं, "वडिलांना बहीण होती का?" ते म्हणाले, हाय की, आत्या हाय, पण ती लग्न होऊन गेली, तिचा काय उपयोग? अण्णा म्हणाले, बापाकडचं रक्ताचं नातं, बाई असली म्हणून काय झालं. शाळेत गेली होती का विचारा.

गेली होती! दोन इयत्ता. १९६४ साली नाव घातलेलं, म्हणजे त्यांना लागणाऱ्या १९६७ च्या तारखेच्या आधीचं. भावांना गुरांमागं लावलं आणि ही धाकटी कोणाच्या तरी बोटाला धरून शाळेत जाऊन बसायची. आता उतारा हवा शाळेच्या जनरल रजिस्टरचा, आणि शाळेला सुट्टी, मुख्याध्यापक गावाला. त्यांचा फोन मिळवला, ते एक दिवस येऊन गेले, कपाट उघडलं. उतारा मिळाला, त्यात जात स्पष्ट लिहिलेली. त्या दिवशी आत्याबाई स्वतः आल्या होत्या भाच्याबरोबर. मला म्हणाल्या, "माझं नाव हाय व्हय त्यात? वाच बरं." मी वाचलं. त्यांनी माहेरचं आडनाव मला दोनदा वाचायला लावलं.

पुढची गोष्ट ऐक. घरून वंशावळ लिहून आणली होती. पणजोबा, आजोबा, त्यांची मुलं, नातवंडं, सगळे पुरुष. जिच्या दोन इयत्तांवर अख्ख्या घराचा दाखला उभा राहणार, तीच त्यात नाही. मी रेघ मारून तिचं नाव घातलं आणि पुन्हा सगळी सुवाच्य लिहून काढली. भाचा म्हणाला, "आमी कधी बायांची लिहित नाय ना." रागानं नाही, सहजच म्हणाला. दाखला अजून हातात यायचाय. कायद्यात मुदत ठरवून दिलेली असते, पण मी आपला रोज ताईला स्टेटस बघायला लावतो.

एक मात्र पटत नाही. शाळा जिल्हा परिषदेची, रजिस्टर तिचंच, तलाठी सरकारचा, तहसीलदार सरकारचा. मग एका सरकारी कपाटातला कागद दुसऱ्या सरकारी टेबलावर न्यायला सत्तरीची बाई कशाला लागते? सातबारा आता पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा मिळतो, हे आठवलं की वाटतं, मनात आणलं तर होतं की. अण्णा म्हणतात, होईल हळूहळू, आणि तसं झालं की आपण दुसरा धंदा बघू.

बाकी ह्या कामाचं फार कौतुक करून घेऊ नको. पाय दुखतात. उन्हात पत्र्याखाली बसून डोकं उठतं. झेरॉक्स मशीन अडलं की हात काळे. 'ए पोरा' अशी हाक मारणारे असतात आणि सुट्टे पैसे कोणाकडंच नसतात. पहिल्या पगारातले निम्मे आईला दिले, तिनं ते डब्यात ठेवले आणि कॉलेजच्या फीला मलाच परत देणार म्हणते.

आता तुझं. पुण्यात तुझ्या हॉस्टेलच्या आसपास असली केंद्रं असतीलच, आणि आता अकरावीचा प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झालाय, त्यामुळं फॉर्म भरून देणाऱ्यांकडं माणसं कमी पडतायत. टॅक्सच्या ऑफिसांत तू उशीर केलास, तिथं मेच्या सुरुवातीला विचारायला हवं होतं. पुढच्या वर्षी लक्षात ठेव. फोन करू नको, जाऊन उभा राहा, तेही गर्दीच्या वेळी. अण्णांनी मला ठेवलं त्यामागं हेही होतं की मी गेलो तेव्हा बारा माणसं दारात होती आणि त्यांना माझ्याशी नाही म्हणत बसायलासुद्धा वेळ नव्हता. पगार किती, सुट्टी कधी, हे पहिल्याच दिवशी विचार. लाजू नको. मी सुट्टीचं विचारलं नाही, म्हणून रविवार सोडला तर दुसऱ्या कुठल्या वारी सुट्टी मिळत नाही.

आणि हो, तुझं नॉन-क्रिमीलेयर बघ. मागच्या वर्षी तू एका वर्षाचंच उत्पन्न दाखवलं होतंस, मला आठवतंय. म्हणजे ते ३१ मार्चला संपलं. काकांना सांग, तीन वर्षांचे उत्पन्नाचे कागद काढून ठेवा. येत्या शनिवारी आलास तर सकाळी लवकर ये, नंबराची चिठ्ठी मी ठेवतो. मित्र म्हणून रांग मोडून आत घेणार नाही, हे आत्ताच सांगतो.

काकूंना नमस्कार.

तुझा,
महेश