पाण्यातले पाखरू कोरडे ठेवायचे म्हणजे

हरिपूर, सांगली
मार्गशीर्ष वद्य पंचमी

प्रिय सदाशिव,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. खाकी कॅम्पबेल जातीच्या बदकांची बारा पिल्ले पुढच्या आठवड्यात वाईला येणार, त्यांच्यासाठी परसातला हौद तू घासून ठेवला आहेस, आणि ‘पाण्यातलाच जीव तो, त्याला काय जपायचे’ अशी पुस्तीही तू शेवटी जोडली आहेस. ती पुस्ती वाचली आणि लगेच लिहायला बसलो, कारण चार वर्षांपूर्वी नेमके हेच वाक्य मी आमच्या घरात म्हटले होते आणि ते दोन पिल्लांच्या जिवावर बेतले. तो हौद तू निदान महिनाभर कोरडा ठेव, एवढे आधी सांगून मग बाकीचे लिहितो.

झाले होते असे. माझी पहिली नऊ पिल्ले सहा दिवसांची असताना, दुपारचे ऊन चांगले आहे असे पाहून, मी घमेल्यात पाणी भरले आणि त्यांना त्यात सोडले. ती अशी काही पोहली, बुड्या मारू लागली की घरातले सगळे घमेल्याभोवती जमले आणि अर्धा तास कोणी हलले नाही. संध्याकाळी पाहतो तो चार पिल्लांची पोटाखालची लव चिकटून तिच्या वाती झालेल्या, चोची उघड्या आणि अंग थरथरत असलेले. रात्रभर शेकले तरी सकाळी दोन गेली होती. पशुवैद्यांनी नंतर समजावले ते असे की बदकाच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते आणि मोठे बदक चोचीने ते तेल पिसांना चोपडत असते. पण या वयाच्या पिल्लाची ग्रंथी पुरती कामाला लागलेली नसते आणि अंगावर पिसे नसून नुसती लव असते. आईबरोबरचे पिल्लूही पाण्यात जाते खरे, पण गारठले की ते तिच्या पंखाखाली शिरते. यंत्रात उबवलेल्या पिल्लाला तो पंख कुठला? म्हणून त्याच्या बाबतीत ऊब आणि कोरडेपणा ही दोन कामे नसून एकच काम आहे. ओले पिल्लू तू कितीही मोठ्या दिव्याखाली ठेवलेस तरी ते गारठतेच.

दिव्याचे मात्र नीट ऐक. हल्लीचे एलईडी बल्ब उजेड देतात, ऊब देत नाहीत. तुला जुना, तारेचा पिवळा बल्ब हवा, आणि तो आता मागितल्यावर दुकानदार आपल्याकडे विचित्र नजरेने पाहतो. बारा पिल्लांना फळ्यांची किंवा जाड पुठ्ठ्याची मोठी पेटी आणि शंभर वॅटचा एक बल्ब पुरतो. तो पेटीच्या मध्यावर न टांगता एका टोकाला टांगावा, म्हणजे ज्याला गरम होईल त्याला दुसऱ्या टोकाला सरकता येते. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर तापमान २९ ते ३२ अंश सेल्सियस असावे आणि नंतर दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी उतरवत न्यावे. त्यासाठी बल्ब बदलावा लागत नाही, साखळी चार बोटे वर ओढली की काम होते. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत दिवा काढता येतो, पण तुमच्याकडे महाबळेश्वरावरून उतरणारा गारठा पाहता तू तीन ते चार आठवडे धरून चाल. साखळी पक्की हवी आणि बल्बभोवती जाळी हवी. ही पिल्ले पाणी उडवण्यात पटाईत असतात. तापलेल्या काचेवर थेंब पडला की बल्ब फुटतो, आणि बल्ब तुसात पडला तर काय होईल ते तुला सांगायला नको.

थर्मामीटर अवश्य टांग, पण पिल्लांवर विश्वास जास्त ठेव. दिव्याखाली एकमेकांच्या अंगावर चढून गठ्ठा करून बसली आणि सुईसारखा बारीक, एकसारखा आवाज काढत राहिली तर त्यांना थंडी वाजते आहे; दिव्यापासून दूर भिंतीला लागून चोची उघडून धापा टाकत असली तर उष्णता जास्त झाली आहे. सगळीकडे पसरून, मान लांब टाकून, मधूनच कुजबुजत झोपली असली की तूही जाऊन झोप.

वीज गेली तर? हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण वीज जाणार हे धरून चाल. दोन-तीन बाटल्यांत कढत पाणी भरून, त्या टॉवेलात गुंडाळून पेटीत ठेवाव्यात आणि वरून गोणपाट टाकताना वारा खेळण्यापुरती फट ठेवावी. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र कधीही ठेवू नकोस, कारण त्या धुराचा विषारी वायू पिल्लांच्या आधी माणसालाच गाठायचा. हळद साठवायचे जमिनीखालचे पेव उघडल्यावर हवा खेळू दिल्याशिवाय त्यात उतरायचे नसते, हे आम्हा हरिपूरकरांना लहानपणापासून ठाऊक असते. शेगडीला तोच धाक लाव.

आता पेटीच्या तळाविषयी. वर्तमानपत्र अंथरू नकोस. ते ओले झाले की गुळगुळीत होते, पिल्लाचे पाय दोन्हीकडे फाकतात आणि दोन-चार दिवस तसेच गेले तर ते पुन्हा सरळ उभे राहत नाही. भाताचे तूस उत्तम; ते तीन बोटे जाड घालावे आणि पहिले दोन दिवस त्यावर गोणपाट पसरावे, नाहीतर ती तूसच खायला लागतात. उसाचे पाचट आणि शेंगांची टरफले आपल्याकडे फुकट मिळतात, म्हणून मोह होतो. पण ढिगात राहिलेल्या मालात बुरशी असतेच, आणि तिची धूळ छातीत गेली की पिल्लू आवाज न करता चोच उघडून श्वास ओढत राहते. त्यावर म्हणण्यासारखा उपचार नाही. तूस बदलण्याची वेळ ओळखण्याची युक्ती सोपी आहे: मूठभर तूस दाबावे, मूठ उघडल्यावर त्याचा गोळा राहिला तर ते काढून टाकावे. शिवाय रोज एकदा पिल्लांच्या उंचीला नाक नेऊन वास घ्यावा. आपल्याला उभ्याने न येणारी अमोनियाची झणझण तिथे डोळ्यांत पाणी आणते.

तळ ओला होतो तो मुख्यतः पाण्याच्या भांड्यामुळे, आणि खरी कारागिरी इथेच आहे. बदकाचे पिल्लू एक घास चोचीत घेते, धावत पाण्यापाशी जाते, घास बुडवून गिळते, नाकपुड्या धुते, मान झटकते आणि पुन्हा धावत खाद्याकडे येते. दिवसभर हाच क्रम चालतो. तेव्हा पाणी इतके खोल हवे की चोच नाकपुड्यांसह बुडेल, म्हणजे पाच ते सात सेंटिमीटर, नाहीतर नाकपुड्या खाद्याने बुजतात आणि डोळ्यांना चिकटा येतो. पण भांड्याचे तोंड इतके मोठे नको की अंग आत जाईल. मी श्रीखंडाचा एक किलोचा रिकामा डबा घेतो. बुडापासून दोन-अडीच इंचांवर, चारही बाजूंना, डोके आत जाईल एवढी गोल भोके तापवलेल्या सुरीने पाडतो, आणि कडा त्याच सुरीने फिरवून गुळगुळीत करतो, म्हणजे मानेला कापत नाही. भोकाच्या कडेपर्यंत पाणी, वर झाकण घट्ट. हा डबा मी पत्र्याच्या पसरट ट्रेवर ठेवलेल्या लाकडी चौकटीवर ठेवतो. चौकटीला अर्धा इंची जाळी ठोकलेली असते. उडालेले पाणी जाळीतून ट्रेमध्ये गळते आणि तुसापर्यंत पोचत नाही. खाद्य या चौकटीपासून दोन पावलांवर असावे, फार लांब नको. हा बेत बसवल्यापासून माझे तूस पूर्वीच्या अर्धेच लागते.

खाद्याबाबत दोन गोष्टी. पहिली पायांची. कोंबडीच्या पिल्लांचे स्टार्टर खाद्य चालते, पण बदकाच्या पिल्लाला नायसिन नावाचे जीवनसत्त्व जवळजवळ दुप्पट लागते, किलोभर खाद्यात सुमारे ५५ मिलिग्रॅम. ते कमी पडले की पाय धनुष्यासारखे वाकतात आणि गुडघ्यासारखा दिसणारा सांधा सुजतो. मक्यातले नायसिन बांधलेल्या स्थितीत असल्याने अंगी लागत नाही, म्हणून नुसत्या मक्याच्या भरड्यावर वाढवलेली पिल्ले हमखास लंगडतात. भाकरीच्या चुऱ्याची तर गोष्टच नको. मी पशुवैद्यांना विचारून पाण्यात बी-कॉम्प्लेक्स देतो, तूही विचारून घे. खाद्याच्या पोत्यात कोंबड्यांसाठीचे औषध मिसळलेले नाही ना, हेही त्याच वेळी दाखवून घे. खाद्य किंचित ओलसर करून द्यावे, कारण कोरडे पीठ घशात अडकते. मात्र उरलेले दोन-तीन तासांत काढून टाकावे, ते आंबते.

दुसरी गोष्ट शेंगदाण्याच्या पेंडीची, आणि ती तुझ्यामाझ्या भागात विशेष महत्त्वाची. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. कारण शोधता शोधता ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड सापडली आणि तिच्यातल्या बुरशीच्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. त्याच पेंडीने बदकाची पिल्लेही मेली होती. या विषाला ती इतकी हळवी आहेत की पुढे संशोधकांनी विष तपासायला त्यांचाच उपयोग केला. हे मला कळले ते दुसऱ्या वर्षी. पावसाळ्यात पेंडीचे पोते मी जमिनीला टेकवून ठेवले होते. वास थोडा कुबट होता, पण म्हैस खात होती म्हणून पिल्लांनाही घातली. पाच दिवसांत तीन गेली, आणि पशुवैद्यांनी पोट उघडून दाखवलेले यकृत पिवळट व फुगलेले होते. उकळून किंवा उन्हात वाळवून हे विष जात नाही. म्हशीला काही झाले नाही, असे मी म्हणत होतो. हे विष दुधातही उतरते असे ऐकल्यावर पोते खड्ड्यात पुरले. तेव्हा पेंड घालायचीच झाली तर ताजी, कोरडी आणि फळीवर ठेवलेली घाल. शंका आली तर घालू नकोस.

उंदीर आणि मुंगूस यांच्यासाठी पेटीवर जाळी हवीच. पोहायला सोडण्याची घाई करू नकोस; महिना-सव्वा महिना झाला की एखाद्या उन्हाच्या दुपारी दहा मिनिटे सोड आणि बाहेर आल्यावर पुसून घे. पूर्ण पिसे सातव्या-आठव्या आठवड्यात येतात, मग हौद त्यांचा आणि तू काठावर. तुझ्या शेजारच्या आजी खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवतात असे तू लिहिलेस. ती रीत जुनी आणि चांगली आहे, फक्त कोंबडीला एकवीस दिवसांची सवय असते आणि ही अंडी अठ्ठावीस दिवस घेतात, तेव्हा शेवटच्या आठवड्यात ती रवणीवरून उठत नाही ना एवढे पाहायला सांग.

पिल्ले येण्याच्या आदल्या रात्री दिवा लावून पेटी आणि तूस तापवून ठेव. प्रवासातून आल्यावर आधी खाद्य नको. अंड्यातला बलक पोटात असल्याने ती दोन दिवस तग धरतात, पण तहानलेली असतात. कोमट पाण्यात जरासा गूळ विरघळवून एकेकाची चोच त्यात हलकेच बुडव. एकाने प्यायले की बाकीची बघून पितात. गणपती पेठेत जुन्या मालात मला शंभर वॅटचे चार पिवळे बल्ब सापडले. त्यांतले दोन तुझ्यासाठी कागदात गुंडाळून, भोके पाडलेल्या श्रीखंडाच्या डब्यात घालून ठेवले आहेत. शनिवारी वाईकडे येणाऱ्या आमच्या भाच्याबरोबर पाठवतो. डबा धुऊन घे, वेलचीचा वास अजून गेलेला नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मधुकर