टक्के छापा, पण प्रश्नासकट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशात कुठे युद्धाची चाहूल लागली की दोन-चार दिवसांत आपल्याकडे बातमी येतेच : अमुक देशातील इतके टक्के नागरिक लष्करी कारवाईच्या बाजूने. आकडा ठळक, शेजारी नकाशा, नकाशावर लाल बाण. लोकांना नेमके काय विचारले होते आणि कधी, याचा मात्र पत्ता नसतो. संध्याकाळपर्यंत मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर त्याच आकड्याचे ‘तिकडची जनताच पेटली आहे’ असे होऊन जाते.

२००३ च्या इराक युद्धाआधीचे ब्रिटन घ्या. त्या हिवाळ्यात तिथल्या पाहणी संस्था एकच गोष्ट दोन तऱ्हांनी विचारत होत्या. संयुक्त राष्ट्रांनी मंजुरी दिली आणि इराककडे घातक शस्त्रे असल्याचा पुरावा मिळाला, तर सैन्य पाठवावे का? बहुतेक जण हो म्हणत. मंजुरीच नसेल तर? मग होकार देणारे थोडेच उरत. यातले ‘ब्रिटिश जनमत’ कुठले धरायचे? १५ फेब्रुवारी २००३ रोजी लंडनमध्ये युद्धाविरुद्ध जो मोर्चा निघाला, त्यात पोलिसांच्या अंदाजाने साडेसात लाख माणसे होती. आयोजक दहा लाखांच्या वर सांगत होते. तरीही १८ मार्चला तिथल्या संसदेने ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाला संमती दिली, तीही सुरक्षा परिषदेच्या नव्या ठरावाशिवाय. २० तारखेला हल्ले सुरू झाले आणि पाहण्यांचा कौल फिरला. निम्म्याहून अधिक लोक आता बाजूने होते. दरम्यान नवा पुरावा काही सापडला नव्हता. आपली पोरे रणांगणावर उतरल्यावर ‘हे चुकतंय’ असे परक्या पाहणीवाल्याला सांगणे जड जाते, एवढाच काय तो फरक. खरी गंमत पुढे आहे. २००३ च्या पाहण्यांत सरासरी ५४ टक्के लोकांनी युद्ध योग्य म्हटले होते. २०१५ मध्ये ‘यूगव्ह’ या संस्थेने ‘तेव्हा तुमचे मत काय होते’ असे विचारले, तर ३७ टक्केच हो म्हणाले. बाकीचे बहुधा आपणही मोर्चातच होतो असे समजत असावेत!

युद्धातला असा कौल टिकतोच असेही नाही. अमेरिकेत अध्यक्ष थोरल्या बुश यांची लोकप्रियता १९९१ च्या आखाती विजयानंतर ९० टक्क्यांच्या घरात गेली होती. पुढच्याच वर्षी ते निवडणूक हरले.

स्पेनमध्ये तर दहातले नऊ लोक इराक युद्धाच्या विरोधात होते, तरी तिथले पंतप्रधान अझनार यांचे सरकार धाकट्या बुश यांच्या बाजूने उभे राहिलेच. याउलट तुर्कस्तान. तिथेही जनता विरोधात होती. अमेरिकी सैन्याला आपल्या भूमीवरून इराकमध्ये उतरू द्यायचे का, यावर १ मार्च २००३ रोजी तिथल्या संसदेत मतदान झाले. बाजूने २६४, विरोधात २५०. तरीही ठराव पडला, कारण १९ सदस्य तटस्थ राहिले आणि हजर असलेल्यांच्या निम्म्याहून जास्त मते लागत होती. स्वतःच्या सरकारचा ठराव असा पाडायला छाती लागते, असे माझे मत.

प्रश्नाची भाषा किती गुळगुळीत असू शकते, याचा नमुना ऑस्ट्रेलियाने १९१६ मध्येच दाखवला. तरुणांना सक्तीने परदेशी आघाडीवर पाठवावे का, यावर तिथे पहिल्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत सार्वमत झाले. मतपत्रिकेवर सक्तीच्या भरतीसाठी रूढ असलेला शब्द कुठेच नव्हता. देशाच्या आत सरकारला जे अधिकार आहेत, तेच ‘या गंभीर प्रसंगी’ देशाबाहेरील सेवेसाठीही असावेत का, असा वळणावळणाचा प्रश्न होता. लोक फसले नाहीत. थोड्या फरकाने का होईना, ‘नाही’ जिंकले आणि १९१७ मध्ये पुन्हा विचारल्यावर जास्त फरकाने जिंकले.

आणि ज्यांना कुणी विचारतच नाही, त्यांचे काय? माझी धाकटी बहीण सीवूड्सला राहते. तिचा मुलगा तेलवाहू जहाजावर थर्ड इंजिनिअर आहे. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हापासून स्वयंपाक करतानाही तिचा मोबाइल ओट्यावर उघडा असतो आणि त्यात नकाशावरचा एक ठिपका. जहाज आफ्रिकेला वळसा घालून जाणार असे कळले की तिला हायसे वाटते, मग घरी यायला लेकाला आठवडा-दोन आठवडे उशीर झाला तरी चालेल. १९९० मध्ये कुवेतवर आक्रमण झाले, तेव्हा जवळपास पावणेदोन लाख भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले होते. त्यांत आपल्या भागातल्या घरांतलेही लोक होते. वॉशिंग्टन किंवा लंडनमधल्या पाहणीच्या नमुन्यात यांतले कुणी नसते.

तेव्हा विनंती एवढीच. पुढच्या वेळी असा आकडा छापाल, तेव्हा त्याखाली चार ओळी द्या : प्रश्न जसाच्या तसा मराठीत, पाहणीच्या तारखा, किती लोकांना विचारले, आणि ‘सांगता येत नाही’ म्हणणारे किती. हे शेवटचे लोक बातमीतून हमखास गळतात. जागेची अडचण असेल, तर नकाशावरचे क्षेपणास्त्राचे चित्र थोडे लहान केले तरी आम्हा वाचकांची काही तक्रार नाही.

आपला,
एक नियमित वाचक, नौपाडा, ठाणे