पेंग्विनवाल्या ताईंना

ताई, सेशन संपलं की नुसतं थँक्यू म्हणून पळतो आम्ही, तुमचा पुढचा पेशंट दारात उभाच असतो, म्हणून आज निवांत लिहितेय.

लेक सात वर्षांची, सेरेब्रल पाल्सीमुळे उजवी बाजू कमजोर. उभी राहिली की सगळा भार डाव्या पायावर आणि उजवा आपला नुसता टेकवलेला. "उजव्यावर जोर दे गं" हे मी इतक्यांदा म्हटलंय की ती बाहुलीला उभं करून अगदी माझ्याच आवाजात हे वाक्य म्हणायची. ऐकून हसू यायचं आणि पोटात तुटायचंही.

तुम्ही वीचा (टीव्हीला जोडायचं ते निन्टेन्डोचं गेम मशीन) तो उभं राहायचा पांढरा बॅलन्स बोर्ड काढलात तेव्हा खरं सांगू, मला रागच आला होता. घरी मोबाइल सोडवता सोडवता जीव जातोय आणि इथे थेरपीला येऊन परत गेम? मग तुम्ही समजावलंत की चार कोपऱ्यांत चार सेन्सर आहेत, कुठे किती भार पडतोय ते त्यांना कळतं आणि स्क्रीनवर लाल ठिपका दिसतो. ठिपका पार डावीकडे जाऊन बसलेला. तिने तो पाहिला, खाली पायाकडे पाहिलं, परत ठिपक्याकडे, आणि हळूच उजवा पाय दाबला, ठिपका सरकला. मी एक शब्द बोलले नव्हते!

नंतर तो बर्फावरचा पेंग्विन. उजवीकडचा मासा हवा तर उजवीकडे झुकायलाच लागतं, दुसरा इलाजच नाही. जी पोरगी व्यायामाचे दहा आकडे मोजेपर्यंत रडून घ्यायची ती माशांच्या नादात किती वेळा उजव्या पायावर गेली ते मोजायचंच राहून गेलं. तुम्ही मागे हात लावायचा नाही पण पडली तर धरायचं अशा बेताने उभ्या, आणि शेवटी स्कोअर यायच्या आत पटकन पुढचं बटण दाबायचात, ते मला बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

टेनिसमध्ये तर तिने लबाडीच केली. उजव्या हातात रिमोट, पण हात हलवायचाच नाही, नुसतं मनगट झटकायचं आणि गेम खुशाल पॉइंट देतोय. त्याला झटका कळतो, खांदा उचलला का कोपर सरळ झालं का हे कुठे कळतं. बरोबरच आहे म्हणा, वी 2006 मध्ये आली आणि बोर्ड वर्षभराने, तोही घरच्या घरी फिटनेससाठी, आमच्यासारख्या पोरांसाठी थोडाच बनवला होता. पण तुम्ही फसला नाहीत. तिच्या डोक्याच्या वर तळहात धरून "आधी मला टाळी, मग शॉट" असा नवाच नियम काढलात. त्या नियमासाठी वेगळं थँक्यू. आणि पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलंत ना, की गेम आला म्हणून स्ट्रेचिंग आणि स्प्लिंट सुटणार नाही, त्यासाठीही (लेक या मुद्द्यावर सहमत नाही).

परवा पँट घालताना भिंत न धरता उजव्या पायावर उभी राहिली. दोन सेकंद असेल फार तर. मी टॉवेल हातात धरून तशीच थांबले, म्हटलं हललं तर पडेल.

बरं, मागच्या वेळी बोर्डाचे सेल संपत आले होते, पुढच्या वेळचे आम्ही आणतो. चार लागतात ना?