ते ३ लाख सैनिक कोणाचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकातला नाटोवरचा, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या देशांच्या लष्करी युतीवरचा लेख वाचला. लेख चांगला आहे, पण 'नाटोने आपली ३ लाखांची फौज सज्ज ठेवली आहे' या वाक्यापाशी माझा चहा निवला. मी सॅपर, म्हणजे लष्करातला इंजिनिअर होतो, निवृत्तीनंतर दापोडीत राहतो. 'सज्ज' हा शब्द आमच्याकडे इतका सैल वापरत नाहीत.

नाटोकडे स्वतःची म्हणावी अशी फौज जवळजवळ नाहीच. जर्मनीत गाइलेनकिर्शेनला अवॅक्स, म्हणजे आकाशातून रडारने टेहळणी करणारी विमाने आहेत, ठिकठिकाणी मुख्यालये आहेत. बाकी सैनिक ज्या त्या देशाचा. त्याचा पगार, बूट, दारूगोळा सगळे घरचे. देश ठरावीक मुदतीसाठी आपापल्या तुकड्या नाटोच्या नावावर लिहून देतात, एवढेच. त्या काळात तुकडी आपल्याच बराकीत असते. फरक पडतो तो निघण्याच्या नोटिशीत. एरवी जिला महिने मिळतात, तिला दिवसांत निघावे लागते.

३ लाखांचा आकडा नाटोच्या जून २०२२ च्या माद्रिद परिषदेतला. त्याची फोड अशी, की १ लाखाहून थोडे जास्त सैनिक १० दिवसांच्या आत आणि आणखी सुमारे २ लाख १० ते ३० दिवसांत. म्हणजे पुरे ३ लाख हवे असतील तर महिना हाताशी पाहिजे. शत्रू तेवढा थांबेल का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

खरोखर चटकन उठणारी तुकडी बरीच लहान होती. संकटात आधी धावायच्या 'नाटो प्रतिसाद दला'ची कल्पना २००२ च्या प्राग परिषदेत मान्य झाली. रशियाने क्रिमिया घेतल्यावर, २०१४ मध्ये वेल्सच्या परिषदेत त्यातच सुमारे ५ हजारांचे भाल्याच्या टोकासारखे एक ब्रिगेड ठरले. त्याच्या पहिल्या तुकड्यांनी दोन-तीन दिवसांत हलायचे होते. नेतृत्वाची पाळी दर वर्षी वेगळ्या देशाकडे. २०२० मध्ये पोलंड, २०२१ मध्ये तुर्की, २०२२ मध्ये फ्रान्स.

खर्चाचा हिशेब आपल्या अंगतपंगतीसारखा. बसायचे सगळ्यांनी एकत्र, पण डबा ज्याचा त्याने आणायचा. ऑक्टोबर २००५ च्या पाकिस्तानातल्या भूकंपानंतर हे दल मदतीला धावले. इंजिनिअर आणि डॉक्टर बाग भागात उतरले, विमानांनी हजारो टन सामान पोचवले. काम चोख झाले. पण त्या वेळी ज्यांची पाळी होती, त्यांच्याच खिशाला चाट बसली. नाटोचे तेव्हाचे सरचिटणीस याप द हूप स्खेफर यांनी याला उलटी लॉटरी म्हटले होते, कारण तुमचा नंबर लागला की पैसे तुमचेच जातात. अशा पंगतीत डबा आणायला कोण पुढे येईल, सांगा.

हुकुमाचे म्हणाल, तर ३२ देशांचे एकमत लागते. मतदान होत नाही. मसुदा फिरवतात आणि ठरलेल्या मुदतीत कोणी हरकत घेतली नाही तर मंजूर समजतात. सोसायटीच्या फळ्यावर 'हरकत असल्यास कळवावे' लिहितात, तसेच. त्यावर प्रत्येक देशाचे घरचे कायदे. जर्मन सैनिक परदेशी कारवाईवर पाठवायचा तर त्यांच्या संसदेची मंजुरी लागते. तरीही २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर हल्ला झाला आणि दुसऱ्याच दिवशी हे दल सामूहिक संरक्षणासाठी प्रथमच हलवण्याचा निर्णय झाला, फ्रेंच आणि बेल्जियन सैनिक रोमानियात गेले. एवढ्या देशांच्या मानाने हा वेग मोठाच. एका सरकारचा हुकूम कसा चालतो, ते ३ नोव्हेंबर १९८८ ला आपण पाहिले आहे. मालदीवने सकाळी मदत मागितली आणि आग्र्याचे पॅराट्रूपर त्याच रात्री हुलुलेच्या धावपट्टीवर होते.

आता माझा विषय. लष्करी गाडीच्या तोंडावर पिवळ्या गोलात काळा आकडा असतो, तसाच पुलाच्या तोंडाशी. गाडीवरचा तिच्या भाराचा वर्ग सांगतो, पुलावरचा पूल किती वर्गापर्यंत पेलेल ते. गाडीचा आकडा पुलाच्या आकड्याहून मोठा असेल तर ड्रायव्हर थांबतो, शेजारी जनरल बसला असला तरी. लेपर्ड-२ रणगाड्याचे वजन ६० टनांच्या वर आणि युरोपातले कित्येक पूल ते पेलायला बांधलेलेच नाहीत. रेल्वेने न्यावा, तर पोलंडच्या रुळांची रुंदी १४३५ मिलिमीटर आणि पलीकडे लिथुआनियापासून १५२०. मिरजेला पूर्वी तीन गेज, म्हणजे तीन वेगळ्या रुंदीचे रूळ एकत्र यायचे आणि माल या गाडीतून त्या गाडीत टाकताना हमालांची तारांबळ उडायची. ते ज्यांना आठवते, त्यांना वेगळे सांगायला नको. बाल्टिक देशांत पोलंडच्याच रुंदीचा रेल बाल्टिका मार्ग बांधताहेत, पण तो अजून पुरा नाही. शिवाय शांततेच्या काळात सरहद्दीवर परवान्यांचे कागद असतातच. ते कमी करायला नेदरलँड्स, जर्मनी आणि पोलंड यांनी जानेवारी २०२४ मध्ये करार केला. युती १९४९ ची, हे लक्षात घ्या!

मार्च २०१६ मध्ये इथे औंधच्या लष्करी तळावर १८ देशांचा सराव झाला होता. अमेरिका, रशिया, चीन सगळे होते, सुरुंग काढण्याचे धडे एकत्र गिरवत होते आणि भारतीय तुकडीच्या प्रमुख होत्या लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी. तेव्हाही प्रत्येकाचा हुकूम आपापल्या राजधानीतूनच येत होता.

म्हणून विनंती एवढीच, की त्या वाक्याची दुरुस्ती छापावी. 'सदस्य देशांनी ३० दिवसांत देऊ केलेले ३ लाख' असे लिहिले तरी पुरे.

आपला,
एक निवृत्त सॅपर, दापोडी, पुणे

ता. क. लेखातल्या चौकटीत 'नाटो प्रतिसाद दल' हे जुने नाव आहे. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी 'अलाइड रिअ‍ॅक्शन फोर्स' आले. त्याचे नेतृत्व मिलानजवळच्या सोल्बियाते ओलोना इथल्या इटालियन कोअरकडे (मोठ्या फौजेच्या मुख्यालयाकडे) दिले गेले.