‘सांगितलं तर टीममधून काढतील’ : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : फुटबॉल खेळणाऱ्या मुलामुलींच्या मानसिक आजाराबाबत, आणि थोडं आम्हा प्रेक्षकांबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकला पोरांना फुटबॉल शिकवतो. हे सांगितलं की लोक आधी ‘नाशिकला फुटबॉल?’ असं विचारतात. त्यांची चूक नाही. जिल्ह्याचं नाव खेळात मोठं केलं ते सावरपाड्याच्या कविता राऊतने धावून आणि तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळने होडी वल्हवून. पण रात्री उशिरा गंगापूर रोडच्या किंवा इंदिरानगरच्या एखाद्या टर्फवर चक्कर मारा. वर्गणी काढून तासाचं भाडं भरणारी पोरं आपली वेळ येण्याची वाट बघत उभी असतात. तीच पोरं शनिवार-रविवारी प्रीमियर लीग बघत जागतात आणि सोमवारी वर्गात पेंगतात.

डिसेंबर २०२५ मध्ये वानखेडेवर मेस्सी आला आणि सरकारच्या ‘प्रोजेक्ट महादेवा’चा गाजावाजा झाला. १३ वर्षांखालचे ३० मुलगे आणि ३० मुली, त्यांना पाच वर्षं शिष्यवृत्ती आणि प्रशिक्षण. योजना चांगली आहे, हे आधीच सांगून टाकतो. फुटबॉलसाठी सरकारने एवढा विचार केलेला माझ्या आठवणीत नाही. म्हणून हे पत्र तक्रारीचं नाही, मागणीचं आहे. त्या ६० पोरांना या पाच वर्षांत असा एक माणूस लागेल, ज्याच्यापाशी ‘मला मैदानावर यावंसंच वाटत नाही’ एवढं वाक्य बोलता येईल आणि ज्याच्या हातात त्यांचं सिलेक्शन नसेल. आहार, बूट, फिजिओ, परदेशी कोच, सगळ्याची चर्चा होते. या माणसाची होत नाही.

तेरा वर्षांच्या पोरांना कसलं आलंय डिप्रेशन, असं आपल्या कार्यालयात कुणी म्हणेल. मग मोठ्यांचं पाहू. खेळाडूंची जागतिक संघटना फिफप्रो हिने २०१५ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. त्यातल्या ६०७ खेळत्या व्यावसायिक फुटबॉलपटूंपैकी ३८ टक्क्यांमध्ये नैराश्याची किंवा चिंताविकाराची लक्षणं दिसली. ज्यांना तीन किंवा जास्त वेळा गंभीर दुखापत झाली होती, त्यांच्यात हा धोका दोन ते चार पट होता. ज्यांच्या पगाराची आपण चहा पिताना मोजदाद करतो, त्याच धंद्यातली ही माणसं. आणि हे काही विशीनंतर एका रात्रीत सुरू होत नाही.

रॉबर्ट एन्केचं नाव आपण ऐकलं असेल. जर्मनीचा गोलकीपर, हॅनोवर ९६ क्लबचा कप्तान. २०१०च्या वर्ल्ड कपमध्ये देशाचा पहिला गोलकीपर तोच असेल असं बोललं जात होतं. नैराश्याचा पहिला मोठा झटका त्याला बार्सिलोनाच्या काळानंतर आला होता. २००६ मध्ये दोन वर्षांची मुलगी हृदयाच्या आजाराने गेली. १० नोव्हेंबर २००९ रोजी, वयाच्या ३२व्या वर्षी, त्याने आत्महत्या केली. दुसऱ्याच दिवशी त्याची पत्नी टेरेसा पत्रकारांसमोर बसली आणि इतकी वर्षं लपवलेला आजार तिने उघड केला. त्याला दोन गोष्टींची भीती होती, असं तिने सांगितलं : बाहेर कळलं तर फुटबॉल जाईल आणि दत्तक घेतलेली लेक काढून घेतील. आत्महत्येला कधीच एक कारण नसतं, हे मला ठाऊक आहे. पण ही भीती काही त्याच्या आजारानेच निर्माण केलेली नव्हती. ती धंद्यातही होती.

पाच दिवसांनी हॅनोवरच्या स्टेडियममध्ये त्याला निरोप द्यायला सुमारे ४०,००० माणसं जमली. या आकड्यापाशी मी दर वेळी अडतो. प्रेम करणारे एवढे होते. पण आपण आजारी आहोत हे कळल्यावरही ते टिकेल का, हे आजमावून बघायची त्याची हिंमत झाली नाही. आणि खरं सांगायचं तर तसं करणं तेव्हा शहाणपणाचंही नव्हतं.

आता काळ बदललाय म्हणतात. २०१८च्या वर्ल्ड कपच्या तोंडावर इंग्लंडच्या डॅनी रोजने आपल्याला डिप्रेशन असल्याचं जाहीर सांगितलं. सगळीकडून कौतुक झालं. पुढच्या वर्षी त्यानेच सांगितलं की एका क्लबशी बोलणी चालू असताना त्यांना त्याला आधी भेटायचं होतं, का तर हा वेडा नाही ना याची खात्री करायला. कौतुक करणारे वेगळे असतात आणि करारावर सही करणारे वेगळे. आपली योजना, महोदय, सही करणाऱ्यांमध्ये मोडते.

आता आम्हा प्रेक्षकांकडे येतो.

गुडघ्याचं लिगामेंट तुटून खेळाडू स्ट्रेचरवरून बाहेर जातो, तेव्हा समोरच्या संघाचे लोकसुद्धा उभे राहून टाळ्या वाजवतात. नैराश्यातल्या खेळाडूसाठी स्ट्रेचर येत नाही. तो मैदानातच असतो. अर्धा सेकंद उशिरा पळतो, सोपा पास चुकवतो, गोल झाला तरी हसत नाही. प्रेक्षकाला त्यात आळस दिसतो, माज दिसतो, ‘कोटीत पगार घेतो आणि नाटकं बघा’ दिसतं. म्हणजे जे आजाराचं लक्षण, नेमक्या त्यालाच शिव्या बसतात.

ब्राझीलच्या रिचार्लिसनचं असंच झालं. २०२२च्या वर्ल्ड कपमध्ये सर्बियाविरुद्ध हवेत उलटं होऊन मारलेला गोल आमच्या पोरांनी पन्नासदा पाहिलाय. नंतर गोल आटले आणि त्याची टिंगल सुरू झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये बोलिव्हियाविरुद्ध बदली केल्यावर तो बेंचवर रडताना दिसला. त्यावरही मीम आले, इथल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरसुद्धा. मग त्याने आपण मानसोपचार घेणार असल्याचं सांगितलं आणि पुढे डिप्रेशनबद्दल मोकळेपणाने बोलला, तेव्हा तीच मंडळी ‘स्ट्राँग राहा भावा’ लिहू लागली. खोटेपणा नव्हता त्यात. मी या पोरांना ओळखतो, मनाने चांगली आहेत. कळलं की ती जवळ घेतात. इटलीतल्या बर्गामो शहरात अटालांटा क्लबच्या चाहत्यांनी आपल्या योसिप इलिचिचला असंच सांभाळलं. मार्च २०२० मध्ये त्याने व्हॅलेन्सियाविरुद्ध एका सामन्यात चार गोल केले, मग शहर कोविडच्या मृत्यूंनी हादरलं आणि तो स्वतः नैराश्यात खचत गेला. खेळणं जवळपास थांबलेल्या या माणसाला २०२२ मध्ये लोकांनी स्टेडियममध्ये निरोप दिला.

अडचण एवढीच की आधी त्याने सांगायचं, मग आम्ही माणुसकी दाखवायची. पहिलं पाऊल टाकायचं ओझं आजारी माणसावर. स्पेनच्या, बार्सिलोना क्लबच्या इनिएस्ताचंच बघा. त्याचा फुटबॉलपटू मित्र दानी हार्के २००९ मध्ये गेला आणि तो आतून कोसळला. ११ जुलै २०१० रोजी वर्ल्ड कपच्या अंतिम सामन्यात गोल करून त्याने मित्राच्या नावाचा बनियन दाखवला. हार्केच्या एस्पान्योल क्लबच्या लोकांनी नंतर या कट्टर शेजाऱ्याच्या खेळाडूला उभं राहून मानवंदना दिली. ती मैत्रीला होती. आधीचं वर्ष त्याने कसं काढलं हे तेव्हा स्टँडमधल्या कुणाला ठाऊक नव्हतं.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर जून २०१८. अंधेरीच्या मैदानावर भारतीय संघ रिकाम्या खुर्च्यांसमोर जिंकला आणि सुनील छेत्रीने हात जोडून व्हिडिओ टाकला : टीका करा, शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या. पुढच्या सामन्याला मैदान भरलं. छेत्रीबद्दल मला आदरच आहे. तेव्हा तो ३३ वर्षांचा होता, कप्तान होता, त्याला ते पेललं. पण माझ्याकडच्या पोरांनी त्यातून काढलेला अर्थ मला आवडला नव्हता. शिव्या खाणं हा खेळाडूच्या नोकरीचाच भाग आहे, असं त्यांना वाटलं. शालेय सामन्यांना रेषेबाहेर उभे राहणारे काही पालकही तसंच समजतात. सुब्रतो कपच्या सामन्यांना बारा-तेरा वर्षांच्या गोलकीपरला काय काय ऐकावं लागतं, ते मी इथे लिहू शकत नाही.

आणि नोकरी तरी कसली? जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीग बेमुदत थांबली, काही क्लबांनी पगार रोखले, आणि घर चालवणारे खेळाडू पुढचा सामना कधी हे ठाऊक नसताना घरात बसून होते. त्या महिन्यांत नाशिकच्या पोरांचे वडील मला विचारायचे, ‘सर, यात पुढे काय आहे?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी मुंबईला ट्रायलला जाणाऱ्या पोरांना हा प्रश्न घरातून डब्यासोबत बांधून मिळतो.

माझ्याकडे एक गोलकीपर होता. ओळख पटेल असं काही सांगत नाही. आधी उशिरा येऊ लागला. मग वेळेवर यायचा, पण बुटाची नाडी बांधत बसून राहायचा. घरी कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं मोबाईल काढून घ्या. झोप लागत नाही, जेवण जात नाही, हे त्याने पहिल्यांदा सांगितलं ते मैदानावर पाणी मारणाऱ्या मामांना. मामांनी मला सांगितलं. मला का नाही सांगितलंस, असं विचारल्यावर तो म्हणाला, ‘सर, यादी तुम्ही काढता ना.’

या वाक्यात त्याने मला कुठेही दोष दिलेला नाही. हिशेब सांगितला, आणि तो बरोबर होता. मी कितीही प्रेमळ असलो तरी पहिल्या अकरांची यादी माझ्याच खिशात असते. वडिलांनी ‘वेड्यांच्या डॉक्टरकडे कशाला’ म्हणत दोन आठवडे घालवले, मग मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. गोळ्या आणि समुपदेशन चालू झालं. पोरगं आता परत खेळतंय. पहिला गोलकीपर नाही, पण ते दुसऱ्याची उडी जास्त चांगली आहे म्हणून.

माझी मागणी त्या वाक्यातून आली आहे. महादेवाच्या ६० मुलांसाठी आणि राज्याच्या क्रीडा प्रबोधिन्यांतल्या सगळ्यांसाठी मानसोपचाराची अशी सोय करा, जिचा कागद कोचकडे किंवा निवड समितीकडे जाणार नाही. मुलांच्या बाबतीत आईवडिलांना सांगावं लागेल, हे मान्य. पण कोचला नाही. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिलेलाच आहे, तो मैदानाच्या फाटकापाशी संपत नाही. शिष्यवृत्तीच्या करारात साध्या मराठीत एक कलम घाला : गुडघा दुखावला म्हणून जशी शिष्यवृत्ती थांबत नाही, तशी मानसिक आजारामुळेही थांबणार नाही. गुडघ्यासाठीही तसं कलम नसेल, तर दोन्ही घाला.

कोचना डॉक्टर बनवायची गरज नाही, पण नाडी बांधत बसलेलं पोरगं ओळखता यायला हवं, आणि त्याला कुठे पाठवायचं हेही ठाऊक हवं. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथेच, आमच्या म्हसरूळला आहे. राज्यभरातली वैद्यकीय महाविद्यालयं त्याला जोडलेली आहेत. क्रीडा खात्याने त्यांच्याशी बोलून क्रीडाशिक्षकांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण बसवणं अवघड नसावं. सिंहस्थाच्या कामांसाठी सगळं खातं नाशिकला येऊन-जाऊन असतंच, त्यातल्या एका फेरीत म्हसरूळला गाडी वळवता येईल.

६० जणांच्या मागे न निवडली गेलेली हजारो पोरं आहेत. ट्रायलचा निकाल आज कसा कळतो? पीडीएफ येते, ग्रुपवर फिरते, पोराच्या आधी मामा-काकाच ती उघडून नाव शोधतात. शेवटच्या टप्प्यापर्यंत पोचलेल्या पोराला तरी कुणीतरी समोर बसवून किंवा फोन करून सांगावं. त्याला खर्च येत नाही.

शालेय सामन्यांत रेषेबाहेरून पोरांना शिव्या देणाऱ्या मोठ्या माणसासाठी सामना थांबवण्याचा स्पष्ट आदेश पंचांना द्या. पंच बिचारा एकटा असतो, मागे खातं उभं आहे हे कळलं तरच शिट्टी वाजवील. आणि केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू केलेली टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची मोफत फोन सेवा, नंबर १४४१६, चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. मी जातो त्या मैदानांच्या भिंतींवर प्रायोजक आहेत, नेते आहेत, वाढदिवसाच्या शुभेच्छा आहेत. हा नंबर मी अजून पाहिलेला नाही. आमच्या मैदानावर तो या आठवड्यात आम्हीच रंगवतोय, रंगाचे पैसे पोरांनी गोळा केलेत. बाकीच्या मैदानांसाठी आपलं एक परिपत्रक पुरेल.

करारातल्या त्या कलमाचा मसुदा एका वकील पालकाने विनामूल्य लिहून दिलाय, या पत्रासोबत जोडला आहे. पुढच्या ट्रायलची जाहिरात निघण्याआधी तो आपल्या विधी शाखेने एकदा वाचावा, ही विनंती.

कळावे,
आपला,
नाशिकचा एक फुटबॉल प्रशिक्षक